मट्टनचेरीतला गडू

यवतमाळच्या भांडे बाजारातून गेल्या चाळीस वर्षांत तुमच्या घरी एखादं ताट किंवा डबा आला असेल, तर तुमच्या घरात जीवन मुनेश्वरांचं अक्षर आहे. दुकानाच्या ओट्यावर सतरंजीचा तुकडा टाकून ते बसत. आधी छन्नी-हातोडी होती, मग विजेवरचं यंत्र आलं. गिऱ्हाईक नाव सांगायचं, ते आधी भांड्याच्या काठावरून अंगठा फिरवून जागा बघायचे आणि मग लिहायला घ्यायचे. लग्नाचा आहेर असो, वास्तूचा असो, गेलेल्याच्या आठवणीत विहाराला किंवा देवळाला द्यायचा असो, मजकूर वेगळा, हात तोच. त्यांच्या ‘ज’चा आकडा जरा जास्त आत वळतो आणि ओळ संपली की ते उभा दंड देत नाहीत, तीन ठिपके देतात, चुलीच्या तीन दगडांसारखे. हा हात त्यांना वडिलांकडून, नागोरावांकडून मिळाला. नागोरावही त्याच ओट्यावर बसायचे.

जीवनभाऊंनी मला ही हकिकत त्या ओट्यावरच सांगितली. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या वेळी मी मुद्दाम तपशील उलटसुलट विचारले. एकही बदलला नाही.

त्यांचे जुने मित्र उत्तमसिंग आडे. पांढरकवडा आगारात एसटीवर ड्रायव्हर होते, आता निवृत्त. त्यांची मुलगी रंजिता समुद्रावर फिरणाऱ्या एका मोठ्या पर्यटक जहाजावर हाउसकीपिंगला आहे. तिथल्या नोकरदारांना वर्षातून एकदा आईवडिलांना फिरवून आणता येतं. मोतीबाईंनी, म्हणजे उत्तमसिंगांच्या बायकोनं, साफ सांगितलं, “जमीन सोडून मी कुठी जात नाही.” मग तिच्या जागी उत्तमसिंगांनी जीवनभाऊंना धरलं. जीवनभाऊंची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगा-सून घरी व्यवस्थित. नाही म्हणायला कारण नव्हतं. मुंबईहून निघायचं, एक दिवस कोचीला उतरायचं, परत मुंबई. फेब्रुवारीचा पहिला आठवडा.

कोचीला जहाज लागलं ती सात तारीख होती. सकाळी नऊला उतरायचं, संध्याकाळी चारच्या आत परत. रंजितानं बजावलं होतं, “बा, काकाले एकटं सोडू नका. आन टायमावर या, जहाज कोनासाठी थांबत नाही.” दोघं रिक्षा करून मट्टनचेरीला गेले. तिथं एका गल्लीत दोन्ही बाजूंना जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. दारांच्या चौकटी, पाळणे, दिवे, पितळी कुलपं, मोडकी घड्याळं. मसाल्याच्या गोदामांमुळे सगळ्या गल्लीला सुंठीचा आणि मिऱ्यांचा वास.

उत्तमसिंगांना मोतीबाईंसाठी काहीतरी न्यायचं होतं. एका दुकानाच्या दारातच आरसे लावलेली बंजारा कांचोळी, बायकांची चोळी, काचेच्या चौकटीत टांगलेली दिसली आणि ते रस्त्यातच हसत सुटले. “हे पाह्य गड्या! माह्या याडीनं अशा तीन फाडून गोधडीत घातल्या. इथं काचेत ठेवून राह्यले!” याडी म्हणजे आई. दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक खूश आहे. त्यानं दोघांना आत बोलावलं.

दुकान पुढं अरुंद आणि मागं लांबच लांब होतं. शेवटी एक उतरत्या कौलांची खोली, तिथं दिवा लावलेला नव्हता, कौलातल्या काचेतून येईल तेवढाच उजेड. भिंतीला टेकून पितळेची रास होती. घागरी, गुंड, परात, तांबे. उत्तमसिंग पुढं कांचोळीची चौकशी करत राहिले. जीवनभाऊ पितळेपाशी गेले. बाकी कुठं जाणार? त्यांना भांड्यावरची नावं वाचायची सवय. कोणी कुठंही ताट वाढलं तरी ते आधी काठावर काय लिहिलंय ते बघतात.

बरीच नावं तेलुगूत होती, काही तमिळ असावीत. मग एक परात मराठीत निघाली, आदिलाबादकडची. तिच्याखाली एक लहानसा गडू आडवा पडला होता. मुलाच्या हातात मावेल एवढा. तोंडाच्या काठाला एक कोपरा उडालेला. त्यांनी तो उजेडात धरला आणि सवयीनं मोठ्यानं वाचला.

“जीवन नागोराव मुनेश्वर याच्या स्मरणार्थ. दिनांक १० फेब्रुवारी.”

वाचून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय वाचलं.

‘ज’चा आकडा आत वळलेला होता. शेवटी तीन ठिपके होते. तारखेनंतर सन होतं, पण तिथं भांडं कधीतरी फुटलं असावं, कोणीतरी त्यावर वितळलेल्या धातूची झाळ बसवली होती. झाळेखाली आकडे दबले होते. अंगठ्यानं चाचपून पाहिलं तरी लागेनात.

“मले पहिले राग आला,” ते मला म्हणाले. “कोनी आपली मस्करी करून राह्यलं असं वाटलं. मंग आठवलं, इथं मले वळखतं कोन?”

त्यांनी उत्तमसिंगांना हाक मारली, पण ती पुढच्या खोलीपर्यंत पोचली नाही. रस्त्यावरून एखादं जड वाहन गेलं असावं, कारण पितळेची सगळी रास एकदम बारीक कणकणली आणि थांबली. ते गडू घेऊन स्वतःच पुढं आले.

उत्तमसिंगांनी वाचलं. चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं.

“हे तूच लिहिलं काय?”

“हात माहाच हाय. पन म्या लिहिलं नाही.”

“तुह्या बापानं लिहिलं असन.”

“उत्तम, माहा बाप एक्याण्णव साली गेला. म्या त्याच्या तोंडात पानी घातलं. बाप जित्या पोराच्या स्मरनार्थ काहून लिहीन?”

“दुसरा कोनी जीवन असन.”

“दुसरा जीवन, त्याचा बापबी नागोराव, त्याचं आडनावबी मुनेश्वर?”

उत्तमसिंगांनी दुकानदाराला हिंदीत विचारलं, हा माल कुठला? तो म्हणाला, हैदराबादहून एका ठोक व्यापाऱ्याकडून पोतीच्या पोती येतात, कोणतं भांडं कोणत्या गावचं हे त्यालाही माहीत नसतं. गडूवर काय लिहिलंय असं त्यानं विचारलं. उत्तमसिंग म्हणाले, “इनका नाम है.” दुकानदार एकदम हरखला. म्हणाला, मग हा तुमचीच वाट बघत होता. आणि त्यानं विकायची भाषा सोडून, पैसे न घेता गडू कागदात गुंडाळून जीवनभाऊंच्या हातात दिला.

कांचोळी तशीच राहिली. दोघं बंदरावर परतले.

जहाजात शिरताना प्रत्येकाचं कार्ड यंत्रापुढं धरतात. कार्ड धरलं की पडद्यावर फोटो येतो आणि तुम्ही आत आलात अशी नोंद होते. उत्तमसिंगांचं झालं. जीवनभाऊंचं कार्ड धरलं तर यंत्रानं दुसराच आवाज काढला. तिथल्या पोरीनं पडद्यावर बघितलं, मग यांच्याकडं बघितलं.

“सर, आप तो अंदर हैं.”

“मैं तो यहाँ खड़ा हूँ.”

“हाँ सर. पर ये बता रहा है आप दस मिनट पहले अंदर आ गए.” ती हसली, काहीतरी दाबलं, पुन्हा कार्ड धरलं आणि या वेळी यंत्र नेहमीसारखं वाजलं. असं होतं कधीकधी, ती म्हणाली. मागच्या रांगेतले लोक खोळंबले होते. जीवनभाऊ आत गेले, पण खोलीच्या दारापाशी आल्यावर त्यांनी उत्तमसिंगांना पुढं केलं. “तू उघड,” म्हणाले.

खोलीत कोणी नव्हतं. अंथरुणं रंजितानं लावून ठेवली होती तशीच.

दुसरा दिवस पूर्ण पाण्यावर होता. लोक वर पोहण्याच्या हौदावर, गाण्यात, जेवणात. हे दोघं खालीच. गडू बेसिनमध्ये धुवायला घेतला तेव्हा आतून काळं पाणी निघालं. पुन्हा भरला, पुन्हा काळंच. तळाशी माती घट्ट बसली होती. ओली झाल्यावर ती बोटाला चिकटली आणि सुटेना, बोट पुसलेला टॉवेल काळा झाला. उत्तमसिंगांनी चिमटीत घेऊन चोळून पाहिली. तीस वर्षं पांढरकवडा, मुकुटबन, वणी अशा रस्त्यांवर बस चिखलातून काढलेला माणूस.

“ही तर आपल्याकडची कपाशीची माती हाय,” ते म्हणाले. मग त्यांनी नळ बंद केला. बाकीची माती आतच राहिली.

दुपारी पडल्यापडल्या जीवनभाऊ उठून बसले.

“उत्तम, अनुस्वार नाही.”

“कशाचा?”

“‘यांच्या’ पाह्यजे. मानसाच्या स्मरनार्थ लिहितो तवा आपन ‘यांच्या’ लिहितो. इथं ‘याच्या’ हाय. असं मोठ्या मानसासाठी कोनी लिहीत नाही. माहा बाप तर कधीच अनुस्वार इसरला नाही.”

“मंग?”

“मंग काय मालूम.”

पण दहा तारीख दोन दिवसांवर होती हे दोघांनाही ठाऊक होतं आणि त्याबद्दल दोघंही बोलत नव्हते. उत्तमसिंग त्या दिवसापासून जीवनभाऊंच्या मागं सावलीसारखे लागले. जिना उतरताना हात धरायचे. कठड्याशी उभं राहू द्यायचे नाहीत. बीपीची गोळी स्वतः मोजून द्यायचे. जीवनभाऊंना हसूही येत होतं आणि बरंही वाटत होतं. आरशासमोर दाढी करताना मात्र ते म्हणे स्वतःच्या डोळ्यांकडं बघायचे नाहीत, फक्त हनुवटीकडं.

नऊ तारखेला पहाटे मुंबई, संध्याकाळी रेल्वे आणि दहा तारखेला सकाळी धामणगाव. स्टेशनावर उतरल्यावर उत्तमसिंग म्हणाले, “आता सरळ घरी. आजचा दिवस पांघरून घेऊन झोपून काढ.”

“नाही,” जीवनभाऊ म्हणाले. “केळापूरले जाऊ. आत्याले इचारतो.”

रुखमाबाई ही नागोरावांची धाकटी बहीण. वय शहाऐंशी. नागोराव यवतमाळला येण्याआधी सगळं घर केळापूरलाच होतं. जुनं सांगणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. जीवनभाऊ वर्षातून एकदा, चौदा एप्रिलच्या पुढंमागं तिला भेटून येत. फेब्रुवारीत कधी गेले नव्हते.

पोचायला दुपार झाली. नातू संघदीप अंगणात तुरीच्या शेंगा वाळत घालत होता. “जय भीम काका! असे अचानक?” म्हणून तो उठला. आतल्या खोलीत रुखमाबाई बुद्धाच्या मूर्तीसमोर बसली होती. पुढं एक मेणबत्ती जळत होती आणि एका वाटीत दूध होतं. तिनं वळून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

“तू? आज काहून आला तू?”

“काहून आत्या? आज काय हाय?”

जीवनभाऊंनी पिशवीतून गडू काढून तिच्यापुढं ठेवला. म्हातारीला वाचता येत नव्हतं, डोळे अधू झाले होते. तिनं हातात घेतला, काठावरून बोट फिरवलं. उडालेल्या कोपऱ्यावर बोट थांबलं. ते ती पुन्हापुन्हा तिथं फिरवत राहिली.

“उंबऱ्यावर आपटला व्हता त्यानं,” ती म्हणाली. “पानी पाह्यजे म्हनून.”

मग तिनं सांगितलं. जीवनभाऊंच्या आधी नागोराव आणि धनीबाईंना एक मुलगा झाला होता. त्याचं नाव जीवन. अडीच वर्षांचा असताना गोवर आला, अंगातच राहिला, आणि चार दिवसांत पोर गेलं. तेव्हा फेब्रुवारीची दहा तारीख होती. सन अठ्ठावन्न. घरात दीक्षा घेऊन दीडच वर्ष झालेलं. त्या पोराला त्या गडूशिवाय दुसऱ्या कशातलंही पाणी चालत नसे. नागोरावांनी त्या दिवशी ओसरीत बसून गडूवर नाव कोरलं. ठोक्यांचा आवाज साऱ्या मोहल्ल्यात गेला, पण कोणी त्यांना थांब म्हणालं नाही. दोन वर्षांनी दुसरा मुलगा झाला. धनीबाई म्हणाली, मी दुसरं नाव तोंडात घेणार नाही. सगळ्यांनी समजावलं. ऐकलं नाही.

“मले कोनी काहून नाही सांगितलं?”

“तुह्या मायनं शपथ घातली व्हती. म्हने, त्याले वाटन आपन कोनाची तरी जागा भरून काढाले आलो.”

जीवनभाऊंना त्यावर एकच गोष्ट आठवली. आई त्यांना नेहमी दोनदा हाक मारायची. जीवन. मग थोडं थांबून, जीवन. त्यांनी पन्नास वर्षं ती एकच हाक समजून ओ दिली होती.

दारात उभे असलेले उत्तमसिंग मोकळे झाले. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी जोरात श्वास सोडला. “म्हनजे तुह्या बापानंच लिहिलं ना! म्या दुकानातच म्हनलं व्हतं. पोरगं लहान व्हतं म्हनून ‘याच्या’. आता समदं जुळलं. मंग मावशी, हा गडवा घरातून मोडीत गेला असन, नाही? जुनं पितळ लोक देतेत, स्टील घेतेत.”

रुखमाबाईनं मान हलवली.

“मोडीत कसा जाईन? तो त्याच्या संग मातीत ठेवला व्हता. नागोदादानं आपल्या हातानं ठेवला. उशाशी. म्या तिथंच उभी व्हती.”

वाटीतलं दूध हललं, पण ते म्हातारीच्या हाताचा धक्का लागून.

उत्तमसिंग हार मानणारे नव्हते. बाहेर आल्यावर त्यांनी संघदीपला विचारलं, जागा कुठं आहे? हायवे चौपदरी झाला तेव्हा इकडची किती जमीन खोदली होती, किती मशिनी लागल्या होत्या, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं. एखादं खोरं लागलं असेल, गडू वर आला असेल, कोणा मजुरानं भंगारात घातला असेल. भंगार हैदराबादला, हैदराबादहून कोचीला. “सरळ रस्ता हाय,” ते म्हणाले. ड्रायव्हरच ते. झाळ कोणी बसवली, हे मात्र त्यांनी काढलं नाही.

संघदीप आजीला दरवर्षी त्या दिवशी तिथं घेऊन जायचा. कोणाची जागा आहे हे त्यालाही माहीत नव्हतं, एक लहान मूल एवढंच आजी सांगायची. तो दोघांना घेऊन निघाला. शेताच्या बांधाबांधानं पंधरा मिनिटं चालल्यावर नाल्याच्या काठी एक पळस होता, नुकताच फुलायला लागलेला. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज लांबून, नाल्याच्या पलीकडून येत होता.

पळसाखाली एक चपटा दगड होता. त्याच्या कडांना शेवाळ वाळून काळं झालेलं. चारी बाजूंनी गवत दगडात शिरल्यासारखं चिकटलेलं. शेजारच्या शेतात सदाशिवराव नावाचे एक गृहस्थ हरभरा काढत होते, ते पाणी प्यायला सावलीत आले. उत्तमसिंगांनी त्यांना विचारलं, रस्त्याच्या कामात इथं खोदलं होतं का?

“इथं? नाही बाप्पा. रस्ता तिकडून गेला. हा दगड तर माह्या बापाच्या वेळचा. आम्ही नांगरबी इकडं वळवत नाही.”

ते पाणी पिऊन गेले. तिघंच उरले.

“खोदून पाह्यचं काय?” उत्तमसिंग अगदी हळू म्हणाले. “एकदा. मनाची खातरी होऊन जाईन.”

जीवनभाऊ दगडाकडं बघत होते. तीन दिवस ज्या तारखेची भीती वाटत होती तीच ही तारीख आणि ते उन्हात उभे होते, त्यांना घाम येत होता, पायाला गोखरू टोचत होतं. ते जिवंत होते. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत गडू होता.

“नको,” ते म्हणाले. “खाली गडवा नसला तरी भेव वाटन. असला तर त्याहून जास्त वाटन.”

त्यांनी दगडाला हात लावला. ऊन असूनही दगड थंड लागला, असं ते म्हणतात. मग ते खाली बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. उत्तमसिंग थोडं लांब जाऊन पाठ करून उभे राहिले, मित्राला रडायला जागा द्यावी म्हणून. जीवनभाऊ रडले नाहीत. ते मला म्हणाले, “म्या त्याले इचारत व्हतो, तुले राग येते काय रे? तुहं नाव म्या पासष्ट वर्स वापरलं.”

त्यांनी गडू आत्याकडं ठेवायला नेला. तिनं घेतला नाही. “मातीनं तुह्याकडं पाठवला,” म्हणाली. “मी काय करू ठेवून?” त्या पावसाळ्यात ती गेली. शेवटच्या भेटीत जीवनभाऊंनी मोठ्या जीवनबद्दल तिला आठवत होतं ते सगळं विचारून घेतलं. तो डावखुरा होता. कुत्र्यांना भीत नव्हता. धाकट्यासारखा मुळीच दिसत नव्हता.

गडू आता यवतमाळला त्यांच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. तळातली माती त्यांनी काढलेली नाही, आणि झाळेवरही हत्यार लावलं नाही. सुनेला, उर्वशीला, त्यांनी सगळं सांगितलंय आणि तिला त्याचं काही वाटत नाही. उन्हाळ्यात तिनं एकदा पाण्यानं काठोकाठ भरून तो खिडकीत ठेवला, सहज. सकाळी आठला भरला होता. जीवनभाऊ अकरा वाजता चहाला आत आले तेव्हा पाणी निम्म्याखाली गेलं होतं. ओटा कोरडा होता. खिडकीची जाळी बंद होती.

“ऊन किती हाय बाबा,” उर्वशी म्हणाली. “उडून गेलं असन.”

ऊन होतंच. मे महिना होता, बेचाळीस पार होतं. जीवनभाऊंनी माठातून ओगराळं भरून घेतलं आणि तो पुन्हा काठोकाठ केला.